आमची वाटचाल : एसटीपीपी सोडल्यानंतर

धुण्याची पावडर बनवण्याचा उद्योग आम्ही सुरू केला, तेव्हा चांगला माल म्हणजे कपडा उजळवणारा आणि भरपूर फेस देणारा, एवढीच आमची समजूत होती. मोरीतून गेलेले पाणी पुढे कुठे पोहोचते, याचा विचार आम्ही केला नव्हता. तो करायला हवा होता.

आमच्या पावडरीत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट, म्हणजे धंद्याच्या भाषेत एसटीपीपी, बऱ्याच प्रमाणात असे. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम ते धरून ठेवते, त्यामुळे मळ सहज सुटतो. मात्र त्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा फॉस्फरसचा असतो आणि सांडपाण्यावरील साध्या प्रक्रियेत त्यातला बराचसा तसाच राहतो. तळ्यांत बहुधा फॉस्फरसच तुटपुंजा असल्यामुळे शेवाळ आटोक्यात असते. तो मिळाला की एका ग्रॅमवर, वाळलेल्या वजनात मोजले तर, सुमारे १०० ग्रॅम शेवाळ पोसले जाऊ शकते, आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू इतका खर्ची पडतो की मासे गुदमरतात. १९७३ साली कॅनडातील २२६ क्रमांकाच्या तळ्याचे पडद्याने दोन भाग करून एकात कार्बन व नायट्रोजन, तर दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही सोडण्यात आला. शेवाळाने हिरवा झाला तो दुसरा भाग. हे वाचल्यानंतर आम्ही एसटीपीपी बंद केले.

त्याच्या जागी कॅल्शियम धरून ठेवणारे, पण फॉस्फरस नसलेले झिओलाइट हे खनिज आले. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे गडद कपड्यांवर पांढुरकी भुकटी राहू लागली, तक्रारी आल्या आणि काही जुनी गिऱ्हाइके कायमची तुटली. कणांचा बारीकपणा, सोडा आणि सायट्रेट यांचे प्रमाण जुळेपर्यंत अनेक घाणे वाया गेले.

मळ काढणाऱ्या मूळ रसायनाचा प्रश्न वेगळा आहे. १९५०च्या दशकात वापरात असलेली कार्बन अणूंच्या फाटे असलेल्या साखळीची रसायने जिवाणूंना नीट तोडता येत नसल्याने नद्यांवर फेसाचे थर साचत. पुढच्या दशकात सरळ साखळीची रसायने आली. आमची स्लरी, म्हणजे पावडरीतले मळ काढणारे मूळ रसायन, हीसुद्धा सरळ साखळीची आहे, परंतु तीदेखील प्राणवायू असलेल्या पाण्यातच लवकर विघटित होते, प्राणवायू नसलेल्या गाळात ती दीर्घकाळ टिकते. म्हणूनच पाकिटावर केवळ ‘विघटनशील’ असे छापणे आम्हाला प्रामाणिक वाटत नाही. त्याऐवजी आम्ही एका धुण्यासाठी लागणारे माप ठळक छापतो आणि फेस कमी आला तरी पावडर वाढवू नये, अशी सूचना त्याखाली देतो.