न्यू जर्सीचे आठ, साताऱ्याचे साडेपाच

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझा दातांचा दवाखाना आहे. अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायचं सॉफ्टवेअर बसवून सहा महिने झाले होते. फोनची कटकट कमी झाली म्हणून मी खूश होते.

जुलैतला मंगळवार. साडेनऊला शटर उघडायला गेले तर पायरीवर एक आजी. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. कोरेगावहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या. "पोरीनं आठला यायला सांगितलंय," म्हणाल्या. बाहेर पावसाचा गारवा आणि यांच्या कपाळावर घाम. हात थरथरत होते.

दाढ काढायची म्हणजे उपाशी यायचं, अशी त्यांची समजूत. डायबेटिसची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेमानं घेतलेली. उपाशीपोटी ही गोळी साखर फार खाली आणू शकते. ग्लुकोमीटरवर आकडा आला 58. 70च्या खाली गेलं की वाट बघत बसायचं नसतं. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पुढची 15 मिनिटं त्यांचा हात माझ्या हातात होता. पुन्हा तपासलं, 86. मग शेजारून पोहे मागवले. दाढेचा विषय त्या दिवसापुरता बंद केला.

नंतर कॉम्प्युटर उघडला. आजींचं नाव संध्याकाळी साडेपाचला होतं! अपॉइंटमेंट घेतली होती न्यू जर्सीतल्या मुलीनं. आमचं सॉफ्टवेअर ज्याच्या मोबाइलवर उघडेल त्याच्या गावची वेळ दाखवत होतं. जुलैत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. आपले संध्याकाळचे साडेपाच म्हणजे तिथले सकाळचे आठ. तिनं दिसलं तेच आईला सांगितलं. आदल्या दिवशीचा आठवणीचा मेसेजही तिच्याच नंबरवर गेला, कारण फॉर्मवर नंबर एकच मागितलेला. लेकीची यात काय चूक? भारतीय वेळ पक्की करायचं सेटिंग होतं. ते मी पाहिलंच नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच दुपारी ते बदललं. फॉर्मवर पेशंटचा स्वतःचा नंबर सक्तीचा केला. मेसेज मराठीत लिहिला: 'सकाळी 11 वाजता. नाश्ता करून, नेहमीच्या गोळ्या खाऊन या.' डायबेटिसवाल्यांना आता सकाळचीच वेळ देते.

पुढच्या मंगळवारी आजी अकराला हजर. बटणांचा फोन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "नातवानं वाचून दावलं. भाकरी खाऊन आलीय बघा."