सांधा बघा, मग भाव करा: पुण्याच्या जुन्या बाजारातला रविवार

साताऱ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. दिवसभर हातात साइड कटर (तार कापायची पक्कड), नोज प्लायर (लांब निमुळत्या टोकाची पक्कड) आणि साधी पक्कड. गेली काही वर्षं मी जुनी हत्यारं गोळा करतो, पण ती कपाटात मांडायला नाही, वापरायला. चांगल्या पोलादाची जुनी पक्कड नीट साफ केली, की ती हाताला अशी बसते की संध्याकाळी अंगठा दुखत नाही. भाचा नुकताच माझ्याकडे काम शिकायला लागलाय. त्याला स्वतःचं हत्यार स्वतः निवडता यावं म्हणून गेल्या रविवारी त्याला पुण्याच्या जुन्या बाजाराला घेऊन गेलो. त्या दिवसाची ही हकिकत. तुम्ही जाणार असाल तर उपयोगी पडेल.

बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेच्या बाजूला, शाहीर अमर शेख चौकाजवळ. आम्ही पहाटेची एसटी धरून स्वारगेटला उतरलो, मेट्रोने कसबा पेठेला आलो आणि तिथून चालत गेलो. मेट्रोत बॅग तपासतात. सकाळी पिशवी रिकामी असते म्हणून काही अडचण नाही. परतताना कातर, पटाशी असलं काही सोबत असेल तर अडवण्याची शक्यता असते, त्यामुळे खरेदी झाल्यावर आम्ही रिक्षाच करतो. आठच्या आत पोचा. अकरानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात, आणि चांगला माल तोवर उचलला गेलेला असतो.

सोबत काय न्यायचं? सुट्टे पैसे, एक फडकं, वीतभर तांब्याची तार, वर्तमानपत्राचा कागद, छोटी कानस आणि चष्म्याचा नंबर असेल तर चष्मा. या यादीतली तार आणि कागद अजिबात विसरू नका. का ते पुढे सांगतो.

बाजारात दोन प्रकारचे विक्रेते दिसतात. एकाकडे ताडपत्रीवर सगळं घासूनपुसून, वर काळा रंग मारून मांडलेलं असतं. दुसऱ्याकडे पोतं उलटं केल्यासारखा ढीग असतो, गंजलेला आणि तेलकट. मी पहिल्याकडे थांबतच नाही. रंगाखाली काय काय लपतं ते मी पैसे घालवून शिकलोय. ढिगाची मजा वेगळी. एखादं वर्कशॉप बंद पडलं की तिथला सगळा माल एकगठ्ठा भंगारात येतो. त्यामुळे एक चांगलं हत्यार सापडलं, तर त्याच ढिगात त्याच माणसाची आणखी दोन-तीन असतात. मालक हयात असो वा नसो, त्याची निवड कळते.

अशाच एका ढिगाशी एक मावशी बसल्या होत्या. भाच्याने चटकन एक चकचकीत पक्कड उचलली. "मामा, ही बघा, एकदम नवी!"

"जबडा नंतर बघ. आधी सांधा बघ," मी म्हटलं.

मला जे सांगायचंय ते हेच आहे. जुनी पक्कड घेताना सगळ्यांची नजर जबड्यावर जाते, पण पक्कड जगते ती सांध्यावर. जबड्याचे दाते झिजले तरी काम भागतं. सांधा ढिला झाला की टोकं एकमेकांना चुकवतात, धार धारेवर बसत नाही आणि हत्यार मेलं. एक मूठ धरून दुसरी डावी-उजवीकडे हलवून बघा. उघडझाप हा तिचा धर्म आहे, आडवं हलणं हे दुखणं. भाच्याच्या हातातली ती नवी पक्कड आडवी चांगलीच खेळत होती. ठेवून दिली.

सांधे मुख्यतः दोन. साधा सांधा म्हणजे दोन पाती एकावर एक ठेवून मधे रिबिट, म्हणजे दोन्हीकडून ठोकून बसवलेली खीळ. दुसरा पेटीसारखा: एक पातं दुसऱ्याच्या पोटातल्या खाचेतून आरपार गेलेलं असतं. हा सांधा करायला कठीण, म्हणून महाग, पण त्याला आडवं हलायला जागाच नसते. डॉक्टरांच्या आणि घड्याळजींच्या जुन्या हत्यारांत तो हमखास दिसतो. गंजून घट्ट झालेला पेटीसांधा दिसला, तर भाव करायला मागेपुढे पाहू नका. घट्ट सांधा सोडवता येतो.

त्या ढिगात तळाशी मला एक सात-आठ इंची पक्कड मिळाली. दगडासारखी मिटलेली. फडक्याने पुसली तर मुठीच्या आतल्या बाजूला बाणाची खूण आणि त्याखाली १९४३. हा बाण ब्रिटिश सरकारी मालावर ठोकत. महायुद्धाच्या काळातली लष्करी पक्कड. पुण्यात अशी सापडते याचं मला आश्चर्य वाटत नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, कॅम्पातली लष्करी छावणी तर त्याहून जुनी. मावशींनी दोनशे सांगितले, मी शंभर म्हटलं.

"दादा, लोखंड बघा किती जड आहे."

"मावशी, उघडत पण नाही ती."

"उघडत नाही म्हणून तर दोनशे. उघडली असती तर पाचशे सांगितले असते." शेवटी दीडशेला दिली.

खुणा वाचायची सवय लावून घ्या. 'मेड इन वेस्ट जर्मनी' असेल तर माल १९४९ ते १९९० मधला, कारण त्या नावाचा देशच तेवढी वर्षं होता. भाच्याला अशा खुणेचा एक साइड कटर ऐंशी रुपयांत मिळाला. 'गेडोर' दिसलं तर ते जर्मनीतल्या रेमशाइड गावच्या डोविडाट भावांच्या नावाचं संक्षिप्त रूप आहे. त्या नावाचे भारतात बनलेले पाने ढिगाने मिळतात आणि चांगले असतात. आपल्या नाशिकच्या टपारियाच्या जुन्या पकडीही सोडू नका. संग्राहक त्यांच्याकडे बघत नाहीत, म्हणूनच स्वस्तात मिळतात.

आता कटरची परीक्षा. आधी आभाळाकडे धरून मिटवा. टोकं आधी भेटली पाहिजेत. सांध्याकडे केसभर उजेड दिसला तर चालेल, पण मूठ आवळल्यावर तो बंद झाला पाहिजे. मग टोकाने कागद कापून बघा. स्वच्छ कापला तर धार जिवंत आहे, दुमडून अडकला तर नाही. तांब्याची तार शेवटी कापून बघा. धारेत चंद्रकोरीसारखा गोल खड्डा असेल, तर कुणीतरी चालू वायर कापलेली आहे. ठिणगीने पोलाद वितळून तो खड्डा पडतो आणि तिथे धार कधीच नीट बसत नाही.

पोलादाचं पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उतरलंय का तेही बघा. धारेजवळ निळसर-जांभळी झाक असेल तर ग्राइंडरवर तापवून कुणीतरी पाणी घालवलंय. पोलादावर निळा रंग साधारण ३०० अंशांना येतो. विक्रेत्याला विचारून धारेच्या कोपऱ्यावर कानस हलकेच फिरवा. कानस घसरली तर पाणी शाबूत, लोण्यासारखी रुतली तर सोडून द्या. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका सुंदर जुन्या कटरचा गंजलेला सांधा गॅसच्या ज्योतीवर सोडवला होता. सांधा सुटला, पण धार शिशासारखी मऊ झाली. अजून वाईट वाटतं. आग लावू नका.

तिथून तांबट आळीत गेलो, कसबा पेठेतच. रविवार असूनही एका दुकानात ठोकाठोक चालू होती. पत्रा कापायची मोठी कातर दाखवत एका वयस्कर काकांनी ढिल्या रिबिटाचा इलाज सांगितला: हत्यार ऐरणीवर आडवं ठेवायचं, हलका हातोडा घ्यायचा आणि रिबिटाच्या मधोमध न मारता कडेकडेने फिरवत मारायचं. चार टोले, मग हलवून बघायचं, परत चार. "घाई केली की जाम होतं," ते म्हणाले. भाच्याला त्यांनी स्वतःच्या हातोड्याने करून बघू दिलं. एवढ्यासाठी तरी तिकडे जा, पण त्यांच्या कामाच्या मधे उभे राहू नका.

दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालय, शुक्रवार पेठेत. पक्कड-कटरच्या माणसाने इथे अडकित्त्यांसाठी जायचं. घोडे, मोर, जोडपी, काय काय आकार! कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हे उभं केलं. मी नक्षी बघतोच, पण माझी नजर सांध्यावर जाते. अडकित्ता म्हणजे तरी काय, टोकाला सांधा असलेली पक्कड. रिबिट एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला आणि सुपारी सांध्याच्या जितकी जवळ तितका जोर जास्त. भाच्याला तरफ तिथे काचेसमोर उभं राहून समजली.

घरी आल्यावरचं काम. नुसतं लोखंड असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, दर काही तासांनी काढून ब्रशने घासा, एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नका. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडं करा आणि लगेच तेल लावा, नाहीतर तासाभरात नवा गंज चढतो. क्रोमचा मुलामा किंवा पितळ असेल तर व्हिनेगर नको, तेल आणि धीर. सांध्यात शिलाई मशीनचं तेल सोडून रात्रभर ठेवा. थोडा सुटला की व्हॉल्व्ह घासायची पेस्ट किंचित लावून शंभरेक वेळा उघडझाप करा, आणि ती पेस्ट रॉकेलने पूर्ण धुऊन काढा. राहिली तर सांधा खात राहते.

एक गोष्ट जिवाची. जुन्या मुठींवरचं रबर किंवा प्लॅस्टिक म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. चालू लाइनवर काम करायचं असेल तर १००० व्होल्टचा शिक्का असलेली नवी पक्कड घ्या. तसंच क्लच केबल किंवा कडक पोलादी तार तांब्याच्या कटरने कापू नका, एका घावात धार जाते.

१९४३ ची पक्कड तिसऱ्या दिवशी उघडली. आता एक मूठ धरली की दुसरी आपल्या वजनाने हळूच खाली येते, तेवढाच सैलपणा हवा. भाच्याचा कटर तो स्वतः रोज पुसतो. आणि घरचा आजीचा अडकित्ता, ज्याची सुपारी निसटून पार दाराशी जायची, त्याचं रिबिट मी तांबटकाकांनी सांगितल्याप्रमाणे कडेने आवळलं. आईने रात्री जेवल्यावर सुपारी कातरली. दोन फोडी ताटलीतच पडल्या.