कादंबरीतला माणूस पोटासाठी काय करतो?

उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वाचून झालेल्या कादंबऱ्यांविषयी लिहायचे ठरवले, तेव्हा त्यांची प्रकारवार मांडणी करावी असे मनात होते. परंतु टिपणे चाळताना असे दिसले की माझी पसंती-नापसंती ग्रामीण, ऐतिहासिक, विज्ञान, रहस्य या सीमा मुळीच पाळत नाही. ज्या कादंबऱ्या मनात घर करून राहिल्या, त्यांपैकी जवळजवळ सगळ्यांमध्ये आपली माणसे पोटासाठी नेमके काय करतात हे लेखकाला ठाऊक आहे. ज्या विसरून गेल्या, त्यांत माणसे नुसती बोलतात, प्रेमात पडतात, रुसतात, गच्चीवर उभी राहून पाऊस पाहतात; घरात पैसा कोठून येतो हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. यंदा वाचलेल्या एका लोकप्रिय प्रेमकथेचा नायक पुण्यातल्या संगणक कंपनीत नोकरीला आहे असे पहिल्या प्रकरणात सांगितले आहे, पण त्यानंतर तीनशे पाने तो एकदाही कामाच्या ताणाने जागा राहत नाही की वरिष्ठाला घाबरत नाही. अशा माणसाच्या विरहावर माझा विश्वास बसत नाही.

सर्वांत आधी उद्धव शेळके यांच्या ‘धग’विषयी लिहिते, कारण याच कादंबरीने ही कसोटी माझ्या हातात दिली. 1960 साली प्रसिद्ध झालेली ही वऱ्हाडातली कादंबरी मी महाविद्यालयात असताना अभ्यासाला म्हणून वाचली होती आणि परीक्षा संपताच बाजूला ठेवली होती. यंदा सीताबर्डीच्या ग्रंथालयातून ती पुन्हा आणली. कौतिक ही तिची नायिका, एका शिंप्याची बायको. नवरा महादेव कर्तृत्वाने उणा, पुढे महारोगाने खचलेला, पदरात मुले, आणि हे घर उभे ठेवण्याची सगळी जबाबदारी या एका बाईवर. वरवर पाहता ही दुःखाची कहाणी आहे आणि वर्गात ती आम्हांला तशीच शिकवली गेली. परंतु आता वाचताना मला दुःखापेक्षा हिशेब जास्त दिसला. आज मजुरीला कोणाकडे जायचे, हाती आलेल्या पैशांतून आधी काय आणायचे, कोणाचे उसने फेडायचे आणि कोणाला थांबायला सांगायचे, हे सारे कौतिकच्या डोक्यात अखंड चालू असते, आणि शेळके तिला रडायला लावण्याऐवजी विचार करायला लावतात. तिची जिद्द मोठ्या शब्दांत कोठेही सांगितलेली नाही. ती तिच्या हालचालींत आहे. संवादांतली वऱ्हाडी बोली नागपूरच्या माझ्या कानांना जवळची असली तरी आमच्याकडच्या बोलीहून थोडी निराळी आहे, म्हणून काही पाने मी मोठ्याने वाचली, आणि तेव्हा लक्षात आले की या माणसांच्या रागातही कामाची लय आहे. मराठीतल्या पहिल्या पाच कादंबऱ्यांत मी ‘धग’ला निःसंकोच जागा देईन.

त्यापाठोपाठ सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ घेतली. 2004 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीत शिकून-सवरून नोकरी न लागलेला एकनाथ आहे आणि त्याच्याभोवती तोट्यातली शेती, कर्ज, घरातली भांडणे असा सगळा वेढा आहे. वैदर्भीय शेतकऱ्याच्या हलाखीवर वर्तमानपत्रांतून आपण इतके वाचतो की मन बधिर होऊन जाते. ‘बारोमास’ ते बधिरपण काढून टाकते, कारण बियाण्यापासून बाजारापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पैसा कसा गळत जातो हे ती दाखवते. माझी तक्रार एवढीच आहे की काही ठिकाणी पात्रे एकमेकांशी बोलत नाहीत, वाचकाला समजावून सांगतात. जे शेतात आणि घरात इतक्या ताकदीने घडून गेले आहे, ते पुन्हा संवादातून सांगण्याची गरज नव्हती. तरीही नागपुरात राहून, बाजारात उभे राहून कापसाच्या आणि संत्र्याच्या भावाविषयी आपण जे सहज बोलून जातो, ते ही कादंबरी वाचल्यावर तितक्या सहजतेने बोलवत नाही.

प्रभाकर पेंढारकर यांची ‘रारंग ढांग’ ही साहसकथा म्हणून ओळखली जाते. विश्वनाथ मेहेंदळे हा तरुण स्थापत्य अभियंता हिमालयात, सतलज नदीच्या वर सरळ उभ्या असलेल्या कड्यातून रस्ता काढण्याच्या कामावर रुजू होतो. सीमेवरचे रस्ते बांधणारी ही यंत्रणा लष्करी शिस्तीची, आणि विश्वनाथची बुद्धी मात्र दगड पाहून, माती पाहून, माणसांचा जीव पाहून निर्णय घेणारी. या दोहोंच्या संघर्षातून गोष्ट अखेर कोर्ट मार्शलपर्यंत जाते. सुरुंग लावणे, कडा फोडणे, भिंत बांधणे ही कामे इथे पार्श्वभूमीला नाहीत. कथेचा नैतिक प्रश्नच त्यांतून जन्मतो. भिंत किती जाडीची बांधायची हा हिशेबाचा विषय असतो, आणि ती कोसळल्यावर खाली कोण असेल हा माणुसकीचा. विश्वनाथला हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत, आणि त्याचा गुन्हा तोच आहे. पेंढारकर माहितीपट करणारे होते; पाहिलेले नेमकेपणाने मांडण्याची त्यांची सवय पानोपानी जाणवते. 1981 सालची ही कादंबरी मी एका रात्रीत आणि एका सकाळी संपवली, आणि नुकत्याच अभियंता झालेल्या माझ्या भाच्याला लगेच वाचायला दिली.

मला कामाचे इतके का वाटते, याचे कारण बहुधा घरातले आहे. माझे वडील इथल्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात सुरू झाली आणि त्यानंतर कित्येक पिढ्या या शहराचा दिवस भोंग्यावर चालत आला. आमच्या घरात जेवणाची वेळ, पाहुण्यांची वेळ, भांडणाचीसुद्धा वेळ पाळीवर ठरत असे. त्यामुळे एखाद्या पात्राच्या घरी घड्याळ कोणाच्या हुकमाने चालते हे लेखकाने सांगितले नाही, तर ते घर मला दिसतच नाही. नागपूरची गिरणी, गोळीबार चौकाच्या परिसरातले विणकर, कामठी-उमरेडकडच्या कोळशाच्या खाणी, अजनीचे रेल्वेचे कामगार, यांना घेऊन कोणी तरुण लेखिका वा लेखक पाचशे पानांची कादंबरी लिहील, तर ती विकत घेण्यासाठी मी पहिल्या दिवशी दुकानाच्या दारात उभी असेन.

आमच्या शहरात मराठीच्या बरोबरीने हिंदी वाचली जाते, आणि त्याचा मोठा लाभ म्हणजे विनोद कुमार शुक्ल मूळ भाषेत वाचता येतात. ते राजनांदगावचे, म्हणजे हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने आमच्यापासून काही तासांच्या अंतरावरचे. त्यांची ‘नौकर की कमीज’ ही 1979 सालची कादंबरी यंदा दुसऱ्यांदा वाचली. संतू बाबू हा एका छोट्या गावातल्या कचेरीतला कारकून. साहेबाने आदर्श नोकरासाठी एक सदरा शिवून ठेवलेला आहे, आणि तो सदरा ज्याच्या अंगाला बेताचा बसेल तो नोकर, अशी ही गोष्ट. एके दिवशी तो संतू बाबूच्या अंगावर चढवला जातो. गुलामी लादताना कोणी आरडाओरडा करत नाही, चाबूक उगारत नाही. सगळे अगदी घरगुती गोडव्याने होते, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. घरमालक डॉक्टरच्या घरी संतूच्या बायकोला हळूहळू कामाला लावले जाते तो भाग मी थांबून थांबून वाचला. शुक्ल यांची वाक्ये लहान मुलाच्या वाक्यांइतकी साधी असतात, आणि एखाद्या परिच्छेदानंतर लक्षात येते की आपण सत्तेविषयी एक अतिशय कठोर गोष्ट वाचून गेलो आहोत. त्यांच्या कथनात काही घडत नाही अशी तक्रार माझ्या वाचनगटातल्या मैत्रिणीने केली. मला वाटते की संतू बाबूचे गळके छप्पर आणि तो सदरा या दोन गोष्टींत जितके घडते, तितके पुष्कळ युद्धकादंबऱ्यांतही घडत नाही.

रहस्यकथेला ही कसोटी लावणे अन्यायाचे होईल असे कोणी म्हणेल. केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ वाचल्यावर मला तसे वाटत नाही. खून एका आईच्या आणि तिच्या मुलीच्या हातून झाला हे सुरुवातीलाच कळते. शेजारी राहणारा इशिगामी हा शाळेतला गणिताचा शिक्षक त्या मायलेकींना वाचवण्यासाठी एक योजना आखतो. ती शेजारीण जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करते, आणि तिला पाहता यावे म्हणून तो रोज तिथून डबा घेतो. त्याचे सगळे प्रेम या एका दैनंदिन खरेदीत मावलेले आहे. शाळेत जाताना नदीकाठी त्याला रोज तीच माणसे, त्याच वेळी, तेच करताना दिसतात. पहिल्या काही पानांवरचे हे वर्णन मी नुसते वातावरण म्हणून वाचले; कादंबरी संपल्यावर मागे येऊन ती पाने पुन्हा काढावी लागली. यापुढे सांगणे म्हणजे पुढच्या वाचकाचा घास हिरावणे होय. बुद्धीने थक्क करणाऱ्या रहस्यकथा बऱ्याच असतात. ही शेवटी छातीत दुखवते.

विज्ञानकादंबरीत यंदा जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ वाचली. मे 2025 मध्ये त्यांचे निधन झाल्यापासून ती वाचायची राहून गेली होती. जमिनीखाली सापडलेल्या एका अतिप्राचीन ठेव्यातून मिळालेल्या ज्ञानाच्या आधारे शास्त्रज्ञ एक यंत्रमानव घडवतात, आणि स्वतःसारखे दुसरे यंत्र घडवण्याची त्याची इच्छा हा पुढचा धोका ठरतो. आजच्या घडीला, जेव्हा घरोघरी तरुण मुले आपली नोकरी यंत्र खाईल काय या चिंतेत आहेत, तेव्हा ही कल्पना वाचताना भीती वाटते. शास्त्रज्ञ एखाद्या कोड्याशी कसे झुंजतात, शंका कशी घेतात, चूक कशी शोधतात, हे नारळीकर आतल्या माणसाच्या अधिकाराने लिहितात, आणि तेच या पुस्तकाचे खरे बळ आहे. माणसांचे परस्परसंबंध मात्र घाईने उरकले आहेत. स्त्रियांच्या वाट्याला तर फारच थोडे आले आहे, आणि याबद्दल मला मनापासून खंत वाटते.

नंदा खरे यांची ‘उद्या’ याच वाटेवरची, पण कितीतरी अधिक अस्वस्थ करणारी. खरे मूळचे नागपूरचे, पेशाने स्थापत्य अभियंता. या कादंबरीसाठी जाहीर झालेला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी नम्रपणे नाकारला. पाळत, माहितीवर मालकी सांगणाऱ्या कंपन्या, मुलींची घटलेली संख्या, हे सारे त्यांनी 2014 मध्ये अशा तपशिलाने लिहून ठेवले आहे की ते भविष्य आता आपल्या गल्लीपर्यंत आले आहे असे वाटते. वाचन सोपे नाही. पात्रे पुष्कळ, धागे पुष्कळ, आणि लेखक वाचकाचा हात धरत नाही. पहिली शंभर पाने नेटाने वाचावीत असे मी आग्रहाने सांगेन.

अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ मी दीक्षाभूमीवर, अशोक विजयादशमीला लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांतून घेतली. त्या दिवशी तिथे डोक्यावर गाठोडे घेतलेली माणसे पुस्तके निवडताना दिसतात, आणि वाचनाविषयी ज्याला निराशा वाटते त्याने ते दृश्य एकदा तरी पाहावे. बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली ही 1959 सालची कादंबरी वेगवान आहे, नाट्यपूर्ण आहे, काही ठिकाणी पोवाड्याच्या अंगाने जाते. पण तिच्या मुळाशी भूक आहे आणि इंग्रज सरकारने मांगांना गुन्हेगार ठरवून त्यांच्यावर लादलेली हजेरी आहे. ज्या माणसाला ठरलेल्या वेळी हजेरी द्यावीच लागते, त्याने रोजगारासाठी गाव सोडून जायचे कसे? फकिराचे बंड या अडकलेपणातून उठते, म्हणून त्याचा पराक्रम पोकळ वाटत नाही.

या सगळ्यांत एका कादंबरीने मात्र माझी कसोटी मानली नाही. विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ 1939 मध्ये आली, आणि ती जवळजवळ पूर्णपणे एका बोटीवर घडते. युरोपातून परतणारा चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या ज्यूंपैकी एक असलेली हॅर्टा यांची ही थोड्या दिवसांची ओळख. बोटीवर कोणालाच काम नाही. घर, देश, व्यवसाय हे सगळे मागे राहिलेले आहे आणि पुढे काही ठरलेले नाही. चक्रधर तर अनेकदा मला रुचत नाही; स्त्रियांविषयीचा त्याचा कडवटपणा वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. तरीही मुंबईला उतरल्यानंतर त्याच्या हाती येणारी हॅर्टाची पत्रे मी तीन वेळा वाचली. ज्यांच्याकडून जगण्याचे प्रत्येक साधन काढून घेतले आहे अशी माणसे बेडेकरांनी लिहिली, आणि काम नसणे हीच त्यांच्यावर झालेली सर्वांत मोठी हिंसा असावी असे मला वाटू लागले आहे. ‘धग’ आणि ‘रणांगण’ एकापाठोपाठ एक वाचावीत असे मी आमच्या वाचनगटाला सुचवले आहे, आणि पुढच्या बैठकीत चर्चा याच दोन पुस्तकांवर होणार आहे.