खुलताबाद: एका कबरीपुरते जाऊ नका

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ अशी एकदिवसीय फेरी करणाऱ्या गाड्या खुलताबादला जेमतेम वीस मिनिटे थांबतात आणि औरंगजेबाची कबर दाखवून पुढे निघतात. आमच्या गाडीवाल्याने ‘बाकी इथे काही नाही’ असे ठामपणे सांगितले आणि आम्हाला थांबायचे आहे म्हटल्यावर ठरलेल्या भाड्यावर ‘वेटिंग’चे वेगळे पैसे मागितले. पैसे देऊन गाडी सोडली. तुम्ही जाल तेव्हा खुलताबादला किमान तीन तास थांबायचे, हे भाडे ठरवतानाच पक्के करून घ्या. गाडीवाला नाही म्हणाला तर सरळ एसटी धरा. मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नड-वेरूळच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या याच मार्गाने जातात आणि अंतर सुमारे 25 किलोमीटर आहे.

‘बाकी काही नाही’ हे किती चुकीचे आहे, ते नुसत्या सनावळीवरून कळते. औरंगजेब 1707 मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला येथे आणून सूफी संत शेख झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरण्यात आले. हे झैनुद्दीन 1369 मध्ये निवर्तले होते. त्यांचे गुरू बुरहानुद्दीन गरीब यांचे निधन 1337 मधले. आणि त्यांचे बंधू म्हणून ओळखले जाणारे मुंतजिबुद्दीन, म्हणजेच जरजरी जरबक्ष, 1309 मध्ये, मुहम्मद तुघलकाने 1327 साली राजधानी देवगिरीला हलवण्यापूर्वीच, येथे विसावले होते. दख्खनमधल्या चिश्ती या सूफी परंपरेचे हे मूळ ठाणे आहे. बादशहा येथे आला तो या सत्पुरुषांच्या पायाशी जागा मिळावी म्हणून, आणि आपण मात्र बादशहा पाहून परत फिरतो.

नावाचेही तसेच झाले आहे. पूर्वी गावाला नुसते रौजा म्हणत. औरंगजेबाच्या ‘खुल्द-मकान’ या मरणोत्तर पदवीवरून ते खुल्दाबाद झाले आणि मराठी बोलण्यात खुलताबाद. गावाला रत्नपूर हे नाव द्यावे, अशी मागणी 2025 मध्ये पुढे आली. या चर्चेत कोणी सांगत नाही ते असे की, खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीकाठी वसवलेल्या बुऱ्हाणपूरला बुरहानुद्दीनांचे आणि पैलतीरावरच्या झैनाबादला झैनुद्दीनांचे नाव दिले. ज्यांच्या नावाने दूरवर दोन गावे वसली, त्यांच्याविषयी रोज प्रवासी आणणाऱ्या माणसाला एक वाक्यही सांगता येऊ नये, याचे फार वाईट वाटले.

आता रस्त्याविषयी. दौलताबादहून घाट पायी चढण्याचा बेत कोणी सुचवला तर स्पष्ट नकार द्या. गाव साडेआठशे मीटरच्या आसपासच्या पठारावर आहे. चढ अवघड मुळीच नाही, अवघड आहे ती वाहतूक. सुरुवातीलाच दौलताबादच्या तटबंदीतला दिल्ली दरवाजा लागतो. मध्ययुगीन कमान, तिच्यातून एका वेळी एकच मोठे वाहन जाते, दोन्ही बाजूंना रांगा, आणि पायी माणसाने भिंतीला अंग घासत पलीकडे जायचे. पुढे वळणावळणावर बसगाड्या अगदी अंगावरून जातात, उन्हात सावलीचा पत्ता नसतो. मी एकदा असा पायी पोचलो तेव्हा पाय दुखत नव्हते, डोके भणभणत होते. श्रावणातल्या शनिवारी येथील भद्रा मारुतीच्या मंदिरात शहरातून रात्री हजारो लोक पायी येतात; तेव्हा रस्ता चालणाऱ्यांचाच असतो. पायी यायचेच असेल तर तेव्हाच या, पण त्या दिवशी दर्गे निवांत पाहायला मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, म्हणून सहलीच्या गाड्याही कमी असतात. माझ्या मते खुलताबादसाठी तोच दिवस उत्तम.

क्रम उलटा ठेवा. आधी गावाच्या उत्तरेला जरजरी जरबक्ष आणि जवळच मलिक अंबरचा मकबरा. ज्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली, त्या 1626 मध्ये वारलेल्या निजामशाहीच्या वजिराच्या घुमटाखाली आम्ही होतो तेवढा वेळ दुसरे कोणी फिरकले नाही. मग गावात बुरहानुद्दीनांचा दर्गा. येथील फरशीतून दर्ग्याच्या खर्चासाठी चांदीचे अंकुर फुटत असत, अशी आख्यायिका आहे. हैदराबादचा पहिला निजाम आसफजाह याची कबरही याच आवारात आहे. रस्त्याच्या पलीकडे झैनुद्दीन. तेथे दाराच्या पायरीत बसवलेले घोटीव दगड वाकून नीट पाहा. त्याच आवाराच्या कोपऱ्यात औरंगजेब: वर छत नाही, मधोमध माती, मातीत सब्जाचे रोप, आणि भोवती संगमरवरी जाळी, जी लॉर्ड कर्झनच्या काळात बसवली गेली. एवढे सगळे पाहून येथे आलात, तर त्या साधेपणाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज राहत नाही.

औरंगजेबाची कबर हटवण्यावरून झालेल्या 2025 च्या वादापासून येथे पोलिसांचा बंदोबस्त असतो, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा. डोके झाकायला रुमाल न्या. मजारीच्या खोलीत स्त्रियांना जाता येते का, हे प्रत्येक ठिकाणी दारातच विचारा. चादर किंवा फुले घेण्याची सक्ती कोठेही नाही. विक्रेता मागे लागला तरी शांतपणे पुढे चला. जवळच्या म्हैसमाळ या थंड हवेच्या ठिकाणीही जाऊन आलो, हवा चांगली होती. वेळ कमी असेल तर म्हैसमाळ वगळा. मलिक अंबर वगळू नका.