बिल्ड-अप कधी थांबवायचा? वेल टेस्टमधल्या रिअल-टाइम डेटाचा माझा अनुभव

मुंबईच्या समुद्रातल्या चुनखडीच्या थरांत वेल टेस्ट (तेल-वायूच्या विहिरीची उत्पादन-चाचणी) करताना सगळ्यात महाग प्रश्न एकच असतो: विहीर बंद ठेवून दाब चढू द्यायचा (हाच बिल्ड-अप), तो किती वेळ? पूर्वी खाली सोडलेल्या गेजची (दाबमापकाची) मेमरी स्ट्रिंग (विहिरीत सोडलेली चाचणीची नळमाळ) वर काढल्यावरच वाचता यायची. तेव्हा कळायचं की बिल्ड-अप अपुरा पडला, आणि तोवर थराला बंदिस्त करणारा पॅकर सुटलेला असायचा. आता ट्युबिंगवर (विहिरीतल्या नळीवर) बसवलेले अकौस्टिक रिपीटर (ध्वनीलहरींनी सिग्नल पुढे पाठवणारी उपकरणं) खालचा दाब टप्प्याटप्प्याने वर पाठवतात, त्यामुळे निर्णय विहीर बंद असतानाच घेता येतो.

खरं काम मात्र फ्लो सुरू करायच्या आधीचं. वेलहेडचा (विहिरीच्या तोंडाचा) प्रेशर सेन्सर आम्ही डेड वेट टेस्टरवर (ठरावीक वजनांनी अचूक दाब देणाऱ्या उपकरणावर) तपासतो. शून्यावर एकदा बघून भागत नाही, अपेक्षित दाबाच्या आसपास चार-पाच ठिकाणी ताडून बघावं लागतं. खालचं क्वार्ट्झ गेज बहुतेकदा अॅब्सोल्यूट दाब (निर्वातापासून मोजलेला) देतं आणि वरचे सेन्सर गेज दाब (हवेच्या दाबापासून मोजलेला). हा 14.7 पीएसआयचा फरक पडद्यावर लपून राहतो आणि गॅसच्या हिशेबात घुसतो, म्हणून प्रत्येक चॅनेलच्या नावापुढेच एकक लिहून ठेवतो.

मग घड्याळं. गेज, सेपरेटरजवळचं (तेल, वायू, पाणी वेगळं करणाऱ्या टाकीजवळचं) डेटा युनिट आणि किनाऱ्यावरचं ऑफिस, तिन्हीकडची वेळ एक हवी. भारतीय वेळ आणि यूटीसी यांतला साडेपाच तासांचा फरक लगेच डोळ्यात भरतो. अर्ध्या मिनिटाचा भरत नाही, आणि खरा घात तोच करतो. लॉग-लॉग आलेखावर (दोन्ही अक्ष दहाच्या पटीत) सुरुवातीचे बिंदू काही सेकंदांचे असतात, शून्य क्षण सरकला की वेलबोअर स्टोरेजची (विहिरीतच साठलेल्या द्रव-वायूच्या परिणामाची) एक उताराची (स्लोप 1 असलेली) रेषाच वाकडी होते. विहीर खालीच बंद करणारा टेस्टर व्हॉल्व्ह बंद झाल्याची वेळ मी ऑपरेटरच्या नोंदीवरून घेत नाही. खालच्या दाबाने जिथे अचानक वळण घेतलं, तो क्षण धरतो.

आम्लीकरणानंतरच्या (थरात आम्ल सोडल्यानंतरच्या) क्लीन-अपमध्ये, म्हणजे विहीर वाहती ठेवून साफ करताना, थेट डेटाचा फायदा सर्वांत लवकर दिसतो. चोक (प्रवाह आवळणारं छिद्र) 32/64 इंचावर स्थिर असताना वेलहेडचा दाब वाढतच असेल, तर विहीर अजून साफ होतेय. अशा वेळी मुख्य फ्लो सुरू झाला असं धरलं, तर स्किन (विहिरीलगतच्या थरातल्या अडथळ्याचं माप) चाचणी चालू असतानाच बदलत राहतो आणि विश्लेषणाला पाया उरत नाही. दाब सपाट व्हावा, सेंट्रिफ्यूजमध्ये पाणी आणि गाळाचं प्रमाण स्थिरावावं, परतणाऱ्या पाण्यातली आम्लता उतरावी, तोवर थांबायचं. चोकच्या पुढचा दाब मागच्याच्या निम्म्याहून कमी राहील हेही बघायचं, नाहीतर सेपरेटरमधली प्रत्येक हालचाल विहिरीपर्यंत पोचते.

सेपरेटरचा तेलाचा दर पडद्यावर करवतीसारखा दिसतो. त्याला विहीर जबाबदार नसते. लेव्हल कंट्रोल व्हॉल्व्ह तेल थांबून-थांबून सोडतो. क्षणाचा आकडा वापरू नका, अर्ध्या तासाची सरासरी घ्या, आणि मीटरचा आकडा गेज टँकवर (मोजमापाच्या टाकीत) मोजलेल्या तेलाशी पडताळून मीटर फॅक्टर (मीटरच्या आकड्याची दुरुस्ती करणारा गुणक) काढा.

आता बिल्ड-अप. अकौस्टिक सिग्नलची क्षमता तुटपुंजी असते आणि प्रवाहाच्या आवाजात तो अडखळतो. म्हणून बंद केल्यावर पहिले काही मिनिटं दाट बिंदू आणि पुढे विरळ, असं वेळापत्रक आधीच ठरवतो. त्यावर डेरिव्हेटिव्ह (दाब बदलण्याच्या वेगाची रेषा) काढत राहायचं. आधी एक उतार, मग कुबड, आणि कुबडानंतर रेषा आडवी झाली की रेडियल फ्लो (थरातून चहूबाजूंनी विहिरीकडे येणारा प्रवाह). एक उताराची रेषा सुटल्यापासून साधारण दीड लॉग सायकल (एक सायकल म्हणजे वेळ दहापट) गेल्याशिवाय त्या आडव्या रेषेवर मी विश्वास ठेवत नाही. घड्याळात हा हिशेब निर्दयी असतो: रेषा 10 मिनिटांनी सुटली, तर दीड सायकल म्हणजे जवळजवळ सव्वापाच तास. ती 1 तासाने सुटली, तर साडेएकतीस तास! व्हॉल्व्ह खाली बंद करायचा तो यासाठीच. स्टोरेज लहान राहतो आणि रिगचे तास वाचतात.

रेषा शेवटी वर उचलली की लगेच 'सीमा लागली' (साठ्याची कड आली) असं ऑफिसला कळवू नका. चांगल्या पारगम्यतेच्या थरात दाब इतका सावकाश चढतो की भरती-ओहोटीही आलेखात उमटते. लाटेचा काळ सुमारे 12 तास 25 मिनिटं निघाला, तर ती समुद्राची आहे.

स्ट्रिंग वर आल्यावर मेमरीतला डेटा चाचणीदरम्यान वर पाठवलेल्या डेटावर ठेवून बघतो आणि अहवालातलं विश्लेषण मेमरीवरच करतो, कारण वर पाठवलेले बिंदू विरळ असतात. दोघांत सरळ अंतर दिसलं तर आधी एकक तपासायचं. अंतर वेळेबरोबर वाढत गेलं तर गेजचा ड्रिफ्ट (मापन हळूहळू सरकणं).