आमची वाटचाल : आधी पाहून या, मग मनाला विचारा

मी आणि माझी भागीदार, आम्ही दोघंही पूर्वी अभियोग्यता चाचण्या घेणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होतो. माणूस यायचा, संगणकासमोर बसून प्रश्न सोडवायचा आणि थोड्या वेळात रंगीत आलेखांचा जाडजूड रिपोर्ट घेऊन जायचा. तुम्हाला काय जमेल, हे त्या रिपोर्टमध्ये बऱ्यापैकी बरोबर असायचं. पण जाता जाता दारात थांबून माणसं जे विचारायची, ते त्यात नसायचं. ‘हे सगळं ठीक आहे हो, पण मला आतून हे करावंसंच वाटत नाही, त्याचं काय?’ या प्रश्नासाठी कंपनीकडे ना रकाना होता ना वेळ. आम्ही बाहेर पडलो ते याच प्रश्नासाठी. आज आमच्या करिअर सल्ला केंद्रात आम्ही चौघं आहोत, दोन खोल्या आहेत आणि फलकावर फक्त ‘दिशा सल्ला’ एवढंच लिहिलेलं आहे.

चाचण्यांना नावं ठेवायची नाहीत. आमच्या धंद्याचे मूळपुरुष म्हणता येतील असे फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली अमेरिकेत बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं पहिलं केंद्र उघडलं. त्यांची मांडणी साधी होती : माणसाने स्वतःला ओळखावं, कामांची माहिती करून घ्यावी आणि मग दोन्हींचा विचारपूर्वक मेळ घालावा. पुढे १९५९ मध्ये जॉन हॉलंड यांनी आवडींचा सिद्धांत मांडला. त्यातूनच आज बहुतेक ठिकाणी वापरले जाणारे आवडींचे सहा प्रकार रूढ झाले. आम्हीही ते वापरतो. फक्त ‘स्वतःला ओळखावं’ हे दोन शब्द लिहायला जितके सोपे, तितकेच करायला अवघड आहेत. आमची सगळी वाटचाल म्हणजे त्या दोन शब्दांशी चाललेली झटापट आहे.

सुरुवातीला आम्ही नुसत्या गप्पा मारायचो. चांगल्या लांबलचक, मोकळ्या गप्पा. मन काय म्हणतंय, हे विचारायचं आणि टिपून घ्यायचं. लोकांना हे फार आवडायचं, कारण असं कोणी विचारतच नाही. पण काही महिन्यांत माझ्या भागीदाराच्या एक गोष्ट लक्षात आली. तिने टिपणांच्या वह्या पुढ्यात टाकल्या आणि म्हणाली, ‘वाच. सगळ्यांची मनं एकच बोलतात.’ खरंच होतं. स्वातंत्र्य हवं, काहीतरी अर्थपूर्ण करायचंय, निसर्गात राहायचंय, लोकांशी संबंध येईल असं काम हवं. माणसं वेगवेगळी, वयं वेगळी, वाक्यं तीच. हा आतला आवाज म्हणावा, तर तो इतका सारखा कसा?

याचं एक कारण आम्हाला मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात सापडलं. हा प्रयोग १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना काही पोस्टर दाखवली, त्यात नामांकित चित्रकारांची चित्रं होती आणि विनोदी पोस्टरही होती. काहींना आधी आवडीनिवडीची कारणं लिहायला लावली, बाकीच्यांना नाही. मग सगळ्यांना एकेक पोस्टर निवडून घरी न्यायला सांगितलं. काही आठवड्यांनी चौकशी केली, तेव्हा कारणं लिहिलेले विद्यार्थी आपल्या निवडीवर कमी खूश होते. कारण विचारलं की माणूस सांगता येण्याजोगं कारण शोधतो, आणि मग त्या कारणाला शोभेल अशी निवड करतो. खरी आवड अनेकदा अशी असते, की तिचं धड कारण देता येत नाही.

तेव्हापासून आमच्या खोलीत ‘का?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचा नाही, असं ठरलं. त्याऐवजी ‘काय झालं, ते सांगा’ असं म्हणतो. गेल्या आठवड्यात घड्याळाकडे बघायचं कधी विसरलात? घड्याळाकडे सारखं कधी बघत होतात? कोणतं काम कोणी न सांगता केलंत? पहिल्यांदा माणसं बिचकतात, कारण मनाच्या गोष्टी बोलायच्या तयारीने आलेल्या माणसाला मागच्या मंगळवारी दुपारी काय केलं, हे विचारलेलं जरा अपमानास्पदच वाटतं. पण मंगळवारची दुपार खोटं बोलत नाही.

तरी अडचण उरलीच. न पाहिलेल्या कामाबद्दल मन काय सांगणार? दुरून डोंगर साजरे. डॅनियल काहनमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ, एक अंतःप्रेरणेकडे संशयाने बघणारा आणि दुसरा तिचा कैवारी. या दोघांनी २००९ मध्ये मिळून एक लेख लिहिला आणि चक्क एकमत झालं. अंतःप्रेरणेवर भरवसा कधी ठेवावा? त्यांच्या मते, जिथे परिस्थितीला काही नियमितपणा आहे आणि तिथे वावरून, चूक-बरोबर कळून शिकायची संधी माणसाला मिळालेली आहे, तिथे. अनुभवी परिचारिकेला बाळाकडे बघून काहीतरी बिनसल्याचं जाणवतं, त्यामागे वर्षानुवर्षांचं बघणं असतं. त्यांचा विषय तज्ज्ञांचे निर्णय हा होता, करिअर नव्हे. पण आम्हाला त्यातून आमची वाट मिळाली. मनाचं ऐकायचं असेल, तर आधी मनाला बघायला काहीतरी द्यायला हवं.

म्हणून आम्ही उमेदवारी सुरू केली. पगार नाही, प्रमाणपत्र नाही. ज्या कामाची ओढ वाटते, ते करणाऱ्या माणसाच्या मागे काही दिवस फिरायचं. त्यातही आमचा आग्रह असा, की त्या कामातला कंटाळवाणा दिवस बघायचा. छायाचित्रकाराकडे जायचं तर कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे, त्यानंतर तो पडद्यासमोर बसून शेकडो फोटो चाळत असतो त्या दिवशी. वकिलाकडे जायचं तर युक्तिवादाच्या दिवशी नव्हे, कागद वाचण्याच्या दिवशी. प्रत्येक कामात चमकदार भाग थोडाच असतो. उरलेल्या भागात मन टिकतं का, हा खरा प्रश्न.

एक उदाहरण सांगतो, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. एक बाई आल्या, हिशेब तपासणीच्या नोकरीत बरीच वर्षं मुरलेल्या. त्यांना शिक्षिका व्हायचं होतं. पहिल्या भेटीत त्या पवित्र कार्य, पुढची पिढी वगैरे बोलल्या, आणि खरं सांगायचं तर मला फारशी आशा वाटली नाही. त्यांना एका वर्गात मागच्या बाकावर बसवलं. परत आल्या तेव्हा पिढी-बिढी काही निघालं नाही. एका मुलाबद्दल बोलत राहिल्या. त्या मुलाने गणित बरोबर सोडवलं होतं, पण शेजारच्या वहीत वेगळं उत्तर दिसलं म्हणून स्वतःचं खोडून टाकलं. ‘त्याने तीनदा खोडलं हो. कागद फाटेस्तोवर. आणि बाईंचं लक्षच नव्हतं, कारण त्या दुसऱ्या रांगेत होत्या. तिथे मी असते तर त्याला उत्तर नसतं सांगितलं, तुला हे कसं सुचलं, एवढंच विचारलं असतं.’ बोलताना त्या हातानेच टेबलावर खोडून दाखवत होत्या.

माझ्या भागीदाराने माझ्याकडे पाहिलं. आम्हाला त्या दिवसापासून एक खूण सापडली आहे आणि आजवर तिने सहसा दगा दिलेला नाही. उमेदवारीहून परतलेला माणूस विशेषणं घेऊन आला, म्हणजे भारी होतं, प्रेरणादायी होतं, वेगळंच वातावरण होतं, असं बोलू लागला, तर तो अजून कल्पनेच्याच प्रेमात आहे. तपशील घेऊन आला, आणि तोही दुसऱ्याच्या नजरेतून सुटेल असा, तर त्याचं मन तिथे खरंच बसलं होतं. जिथे जीव रमतो तिथे डोळे आपसूक तीक्ष्ण होतात.

यादी करून येणारेही बरेच असतात. फायदे एका बाजूला, तोटे दुसऱ्या बाजूला. या यादीचा इतिहास मोठा मजेशीर आहे. १७७२ मध्ये इंग्लंडमधले धर्मोपदेशक आणि शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांना लॉर्ड शेलबर्न यांच्याकडून नोकरीचं बोलावणं आलं. धर्मोपदेशकाचं चालू काम सोडावं की नाही, यावर त्यांनी अमेरिकन मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांचा सल्ला मागितला. फ्रँकलिननी उत्तर पाठवलं : काय ठरवावं ते मी सांगू शकत नाही, कसं ठरवावं ते सांगतो. कागदाचे दोन भाग करा, तीन-चार दिवस जसजसं सुचेल तसं लिहीत जा, मग दोन्हीकडची तुल्यबळ कारणं एकमेकांसमोर खोडत जा. प्रीस्टलींनी ती नोकरी धरली आणि १७७४ मध्ये शेलबर्न यांच्याच वाड्यात प्रयोग करताना आज आपण ज्याला ऑक्सिजन म्हणतो तो वायू त्यांना मिळाला. यादीमुळे ऑक्सिजन सापडला, असं मी म्हणत नाही. पण लोक यादी एका बैठकीत उरकतात आणि फ्रँकलिनचे तीन-चार दिवस विसरतात. सगळी कारणं मनात एकाच वेळी हजर नसतात, म्हणून तर ते दिवस सांगितले होते.

आम्ही त्यात आमची एक भर घातली आहे. खोडाखोड आमच्यासमोर करायला लावतो आणि कागदाकडे न बघता हाताकडे बघतो. एक गृहस्थ भराभर खोडत चालले होते. पगार खोडला, प्रवास खोडला, हुद्दा खोडला. ‘संध्याकाळी तबल्याला वेळ’ या ओळीवर पेन टेकलं आणि तिथेच थांबलं. समोरची ओळ हिशेबाने कितीतरी जड होती. पण हात काही हलेना. पुढचं बोलणं त्या ओळीवरच झालं. त्यांनी नोकरी बदलली नाही, कामाची पाळी बदलून घेतली.

हे मुद्दाम सांगतो, कारण मनाचं ऐकणं म्हणजे राजीनामा देणं, असा एक समज आहे. तसे सल्ले देणारे बहुधा ज्यांचं जमलं तेच असतात. ज्यांचं फसलं त्यांना कोणी भाषणाला बोलावत नाही. घरात आजारी माणूस आहे, डोक्यावर कर्ज आहे, अशा माणसाला ‘झोकून दे’ म्हणणं मला बेजबाबदारपणा वाटतो. एमी रझेस्नेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये असं दाखवलं, की कोणी आपल्या कामाकडे पोटापाण्याचं साधन म्हणून बघतो, कोणी बढतीची शिडी म्हणून, तर कोणी जीवनकार्य म्हणून, आणि एकाच प्रकारच्या कचेरीकामातही हे तिन्ही प्रकारचे लोक साधारण सारख्याच संख्येने निघाले. म्हणजे पोटापाण्यासाठी नोकरी करून जीव दुसरीकडे गुंतवणारा माणूस मनाशी प्रतारणा करतो, असं अजिबात नाही.

भीती आणि आतला नकार यांची गल्लत मात्र रोज होते. आमचा ढोबळ आडाखा असा : अटी सुधारल्या की भीती कमी होते. पगार वाढवून मिळेल, सहा महिन्यांनी परत यायची मुभा असेल, असं कल्पून बघा. तरीही मन घेत नसेल, तर तो नकार आहे. आणि उलट बाजूने, हे काम तुम्ही करता हे कधीच कोणाला कळणार नाही, असं ठरलं तर कराल का? हा प्रश्न विचारला की खोलीत बराच वेळ कोणी बोलत नाही.

धंदा म्हणून हे सगळं सोपं गेलं नाही. फी देणारे बहुतेकदा पालक असतात आणि त्यांना रिपोर्ट हवा असतो, तोही लगेच. आम्ही पहिल्या भेटीनंतर काहीही लेखी देत नाही. त्यावरून बरीच मंडळी उठून गेली, अजूनही जातात. एका शिक्षणसंस्थेने विद्यार्थी पाठवाल तर दर प्रवेशामागे कमिशन देऊ असं सुचवलं. तो काळ आमच्या ओढगस्तीचा होता, भाडं थकलेलं होतं, पण नाही म्हणायला दोघांनाही विचार करावा लागला नाही. ज्याचं मन ऐकायला बसलो त्याच्या निर्णयात आपला वाटा असेल, तर कान कसे शाबूत राहणार? त्यानंतर फी आधी घ्यायची आणि निर्णयाशी ती कुठेही जोडायची नाही, हे आम्ही करारातच लिहून टाकलं. मधल्या वर्षांत तगलो ते नोकरीत जम बसलेल्या पण आतून कोरड्या पडलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या लोकांमुळे. अलीकडे निवृत्त मंडळीही येतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोकळी तीच असतात. त्यांना रिपोर्ट नको असतो.

तरुण मुलांना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो. पॉल ओ’कीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेग वॉल्टन यांच्या २०१८ मधल्या अभ्यासात असं दिसलं, की आवड ही आपल्यात आधीपासून तयार असते आणि ती फक्त शोधायची असते, असं मानणाऱ्यांचा नव्या विषयातला रस तो अवघड होऊ लागला की जास्त ओसरतो. त्यामुळे चार दिवसांच्या उमेदवारीत जीव रमला नाही म्हणून लगेच फुली मारायची नाही. शिकाऊ असताना हात चालत नाहीत, तेव्हा जो वैताग येतो तो मनाचा कौल नसतो. अशांना आम्ही काही दिवसांनी त्याच ठिकाणी पुन्हा पाठवतो.

सध्याची आमची अडचण वेगळीच आहे. उमेदवारीला जागा मिळवणं. शस्त्रक्रियागृहात, न्यायाधीशांच्या दालनात किंवा मानसोपचाराच्या सत्रात परक्या माणसाला बसू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे अशा पेशांतल्या निवृत्त लोकांची आम्ही यादी जमवतो आहोत. त्यांनी नुसतं मार्गदर्शन करायचं नाही, तर एखाद्या साध्यासुध्या दिवसात सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलं, ते तासातासाने सांगायचं. पहिल्याच ज्येष्ठ डॉक्टरांनी अर्धा वेळ फॉर्म भरण्याबद्दल सांगितलं. ऐकायला बसलेल्या तिघांपैकी दोघांचे चेहरे पडले. तिसरी मुलगी विचारत होती, ‘त्या फॉर्ममध्ये नेमकं काय काय असतं?’ तिला पुढच्या महिन्यात एका दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर बसवायचं ठरलंय.