लिंकनमधली थंडी, आज्जीची लुगडी आणि शेंगी

जानेवारीचा दुसरा आठवडा नेब्रास्का राज्यातील आमच्या लिंकन शहरात उणे 18 अंशांनी सुरू झाला, त्या वेळी सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा भरत होती. लिंकनमध्ये रात्रीचे साडेनऊ होतात तेव्हा सोलापुरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ वाजलेले असतात, आणि ती आमची फोनची ठरलेली वेळ आहे. त्या आठवड्यात आईच्या आवाजामागून रोज हलगीचा आवाज येत होता. माझ्यासमोर जमिनीवर आज्जीची तीन सुती लुगडी पसरलेली होती आणि मला त्यांची गोधडी शिवायची होती. आठवडाभर मी रजा घेतली होती ती याच कामासाठी.

ही लुगडी दोन वर्षांपूर्वी आईने माझ्या बॅगेत घातली, तेव्हा ती इतकी विरलेली होती की प्रकाशासमोर धरल्यावर पलीकडचे दिसत असे. नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर लांब असते. त्याचे चार सारखे तुकडे केले आणि दोन-दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले, म्हणजे दोन मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद असे दोन थर मिळतात. तीन लुगड्यांचे सहा थर झाले. हा हिशेब मला आईने फोनवर तोंडीच सांगितला. तिने तो आज्जीकडून घेतला होता आणि आज्जीला मीटर ठाऊक नव्हते, तिचे माप हाताचे होते.

थर अंथरून झाले आणि आमची मांजर, शेंगी, बरोबर मधोमध जाऊन बसली. तिचा रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा आहे, त्यावरून तिला हे नाव मिळाले. पुढच्या पंजांनी तिने कणीक तिंबावी तसे ते कापड बराच वेळ तिंबले आणि मग ती झोपली. "अगं, तिला उठवू नकोस, कडेपासून सुरुवात कर," असे आई म्हणाली, आणि तसेही गोधडी कडेपासूनच शिवायची असते. बाहेरच्या चारही बाजूंनी धावदोरा घालत यायचे, एक फेरा पूर्ण झाला की दोन बोटे आत सरकून दुसरा घालायचा आणि असे करत मध्यापर्यंत पोहोचायचे. पहिल्या फेऱ्याला मला दोन तासांहून अधिक वेळ लागला.

इथे मला थोडे थांबून क्विल्टविषयी सांगायला हवे, कारण क्विल्ट म्हणजे अमेरिकन गोधडी असे आपल्याकडे सहज म्हटले जाते आणि मलाही पहिली काही वर्षे तसेच वाटत होते. लिंकनमध्ये क्विल्टचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय आहे. एका दांपत्याने विद्यापीठाला दिलेल्या सुमारे 950 क्विल्टमधून ते 1997 मध्ये उभे राहिले आणि 2008 मध्ये त्याला स्वतःची इमारत मिळाली. तिथल्या जुन्या क्विल्टसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा बायकांच्या शिवणकामाला एवढा मान मिळालेला पाहून माझे डोळे भरून आले होते. क्विल्टमध्ये मात्र तीन थर निरनिराळ्या कामांचे असतात: वर तुकडे जोडून केलेली नक्षी, खाली अस्तर आणि मध्ये कापसाची किंवा पॉलिस्टरची पातळ गादी. ही गादी धुताना सरकू नये आणि तिचे गोळे होऊ नयेत म्हणून टाके घालावे लागतात, आणि दोन टाक्यांच्या ओळींमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल, हे गादीच्या पाकिटावर छापलेलेच असते. हाताने शिवणाऱ्या इथल्या बायका आखूड सुई वापरतात, कापड लाकडी कड्यात धरतात आणि एका इंचात आठ ते दहा टाके बसले तर ते उत्तम काम मानतात.

माझ्या शेजारच्या आजीबाई अशाच शिवतात. बुधवारी त्या आल्या, त्यांनी गोधडीची कड उचलून बोटांनी चाचपली आणि मधली गादी कुठे आहे असे विचारले. गादी नाही, सगळेच थर नेसलेल्या कापडाचे आहेत, असे मी सांगितल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न असा होता की, मग सरकण्यासारखे काहीच नसताना एवढे जवळजवळ टाके कशासाठी? मी त्या वेळी नीट उत्तर देऊ शकले नाही. रात्री आईला विचारले, तर ती म्हणाली, "कापड म्हातारं झालंय ना, त्याला दोऱ्याचा आधार लागतो." विरलेला एक थर एकटा टिकत नाही, सहा थर एकमेकांना दोन-दोन बोटांवर धरून ठेवतात, आणि एखादा थर कुठे फाटलाच तर ती फाट पुढच्या धावदोऱ्यापाशी अडते. गोधडीतला टाका कापडाचे आयुष्य वाढवण्यासाठी असतो, आणि म्हणून तो इंचाला चार बसला तरी त्यात काही कमी आहे असे मला आता वाटत नाही.

मंगळवारची रात्र मात्र मी विसरणार नाही. मांजर घरात असताना सुईदोऱ्याचे काम करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे असे मला कळकळीने वाटते. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा तिला थुंकून टाकता येत नाही आणि तो आतच जातो. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकले आणि बाकीचा दोरा आतड्यात उतरला, तर नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडाव्यात तशा आतड्याला चुण्या पडतात आणि दोरा आतडे कापूही शकतो. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तरी तो आपण ओढायचा नसतो, तडक डॉक्टरांकडे न्यायचे असते. हे सर्व आमच्या पशुवैद्यांनी मला आधीच सांगितले होते, म्हणून मी बाराच सुया काढल्या होत्या आणि उठण्यापूर्वी त्या मोजत होते. मंगळवारी अकरा भरल्या. मी शेंगीला दुसऱ्या खोलीत ठेवले आणि लोहचुंबक हातात घेऊन इंचाइंचाने जमीन पाहिली. सुई अखेर तिसऱ्या आणि चौथ्या थराच्या मध्ये, दोऱ्यासकट सापडली. तोपर्यंत मध्यरात्र उलटली होती. त्यानंतर मी एका वेळी एकच सुई बाहेर ठेवू लागले आणि दोरा हातभरच घेऊ लागले. आखूड दोऱ्याला पीळही कमी पडतो.

शुक्रवारी आईने यात्रेतल्या नंदीध्वजांविषयी सांगितले. सात नंदीध्वज (मिरवणुकीत नेतात त्या उंच काठ्या) आणि त्यांच्यासोबत चालणारी, पांढरी बाराबंदी (बंदांनी बांधायचा अंगरखा) घातलेली माणसे, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. बाबाही दरवर्षी बाराबंदी घालून जात असत. ते गेल्यानंतर आईने त्यांची बाराबंदी लुगड्यांबरोबर मला दिली होती, आणि ती गोधडीच्या मध्यावर लावावी असे माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होते, पण कात्री लावण्याचे धैर्य होत नव्हते. मी ते आईला बोलून दाखवले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "कापू नकोस. फक्त बंद उसव आणि अख्खीच पसरून लाव. बंद माझ्यासाठी ठेव."

रविवारी रात्रीपर्यंत तेरा फेरे झाले. मध्ये अजून सव्वा मीटर लांब आणि दीड मीटर रुंद जागा मोकळी आहे, आणि शेंगी तिथे पोट वर करून झोपलेली आहे. बाराबंदी माझ्या मांडीवर आहे. बाबांच्या शिंप्याने बंद दुहेरी दोऱ्याने पक्के शिवले होते, त्यामुळे एकेक टाका सुईच्या टोकाने उचलून तोडावा लागतो. आतापर्यंत चार बंद निघाले आहेत.